बांध, वाट, पाणी: गावातल्या भांडणात कुठल्या दारात आधी जायचं

वाट अडवल्याला अकरा महिने झाले होते, तेव्हा त्या काकू आमच्या टेबलापाशी आल्या. दोन एकर सोयाबीन, शेताकडे जाणारी जुनी बैलगाडीवाट, आणि शेजारच्या भावकीतल्या माणसाने त्या वाटेत चर खणून बाभळीचे काटे टाकलेले. ‘दिवाळीनंतर बघू’, ‘बसून मिटवू’, ‘भावकीत कशाला कागद करता’ असं ऐकत त्यांनी पाच बैठकांना हजेरी लावली होती. एकाही बैठकीचा कागद नव्हता. सोयाबीन डोक्यावरून वाहून आणलं होतं. मी तारीख विचारली, मोजली, आणि मला त्यांना सांगावं लागलं की या तक्रारीचं सर्वांत जवळचं आणि सर्वांत स्वस्त दार सहा महिन्यांनंतर बंद होतं.

तालुका न्यायालयाच्या आवारात विधी स्वयंसेवक म्हणून काम करताना मी हे पुन्हा पुन्हा पाहते. गावातला माणूस बहुतेक वेळा पैसे नाहीत म्हणून हरत नाही. कायद्याने स्वस्त, काही ठिकाणी फुकट, अशी दारं ठेवलेली आहेत. तो हरतो कारण उशिरा जातो, किंवा चुकीच्या दारात जाऊन तिथेच वर्ष घालवतो. म्हणून हा लेख अशा माणसासाठी आहे, ज्याने आजवर कोर्टाची पायरी चढलेली नाही आणि आता चढावी लागणार आहे.

आधी भांडण ओळखा

गावातली भांडणं तीन कचेऱ्यांमध्ये वाटलेली आहेत. शेताची वाट, नैसर्गिक पाण्याचा प्रवाह, सातबारावरची नोंद, फेरफार (म्हणजे त्या नोंदीत होणारा बदल), मोजणी ही महसूल खात्याची, म्हणजे तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत (उपविभागीय अधिकारी) आणि भूमी अभिलेख कार्यालयाची कामं. जमीन कुणाच्या मालकीची, वाटणी, खरेदीखत खरं की खोटं, उसने पैसे हे दिवाणी न्यायालयाचं. मारहाण, धमकी, चोरी, छळ हे पोलिसांचं आणि फौजदारी न्यायालयाचं.

घोळ होतो तो इथे. वाट अडवली की माणूस पोलिसात जातो. पोलीस ‘हे दिवाणी आहे’ म्हणतात. मग तो वकिलाकडे जाऊन थेट दिवाणी दावा लावतो, आणि जे काम तहसीलदाराच्या आदेशाने झालं असतं ते कित्येक वर्षांच्या तारखांवर जातं. उलटंही होतं: मालकीचा वाद असताना माणूस तहसीलदाराकडे फेऱ्या मारत बसतो. सातबारावरची नोंद हा मालकीचा अंतिम निवाडा नसतो. मालकी कुणाची हे दिवाणी न्यायालयच ठरवतं.

एका भांडणात तिन्ही गोष्टी असू शकतात. वाट अडवली आणि विचारायला गेल्यावर काठी मारली, तर काठीसाठी पोलीस आणि वाटेसाठी तहसीलदार. दोन्हीकडे वेगवेगळे कागद द्यायचे.

कागद त्याच आठवड्यात गोळा करा

घटना घडली त्या दिवशीच वहीत लिहून ठेवा: तारीख, वेळ, गट नंबर, कोण होतं, काय केलं. मोबाइलवर फोटो काढा, शक्य तर फोटोत ओळखीची खूण येऊ द्या, विहीर, झाड, विजेचा खांब. मग सातबारा, आठ अ, संबंधित फेरफार आणि गट नकाशा काढा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत मिळतो. फक्त तुमच्या गटाचा घेऊन थांबू नका, ज्याच्या गटातून वाट जाते त्याचाही घ्या.

आणि एक सवय लावून घ्या, ती म्हणजे पोच. कुठल्याही कार्यालयात अर्ज देताना दोन प्रती न्यायच्या. एक द्यायची, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. ‘ठेवून जा, साहेब बघतील’ असं कुणी म्हटलं, तर नम्रपणे उभं राहायचं, पण पोच घेतल्याशिवाय निघायचं नाही. आवक विभाग घेतच नसेल, तर तोच अर्ज पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. काकूंनी एक अर्ज खरंच वेळेत दिला होता. पोच नव्हती, त्यामुळे तो अर्ज दिला होता हे सिद्ध करायला त्यांच्याजवळ काही नव्हतं.

वाट किंवा पाणी अडलं असेल तर: मामलेदार कोर्ट

तहसीलदाराला पूर्वी मामलेदार म्हणत, गोव्यात आजही तोच शब्द आहे. महाराष्ट्रात अजून लागू असलेला मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ सालचा आहे. शंभराहून अधिक वर्षं झाली तरी शेतकऱ्याच्या रोजच्या उपयोगाचा यासारखा कायदा मला दुसरा माहीत नाही. याच्या कलम ५ खाली तहसीलदार स्वतः न्यायालय म्हणून बसतो.

त्याला काय करता येतं? शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर किंवा वहिवाटीच्या वाटेवर कुणी बेकायदा अडथळा केला असेल, तर तो काढायला लावता येतो. शेतातून नैसर्गिकपणे वाहणारं पाणी बांध घालून अडवलं आणि पिकाचं नुकसान होत असेल, तर तो बांध हटवता येतो. कुणी कायदेशीर मार्ग सोडून, बळाने, शेतातून हुसकावून लावलं असेल किंवा विहीर, तळं, पाटाचं पाणी वापरायला बंदी केली असेल, तर ताबा किंवा वापर परत देता येतो. पुन्हा असं करू नये म्हणून मनाईचा हुकूमही देता येतो.

अट एकच, पण ती लोखंडी आहे: अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. बैठका, मध्यस्थी, दिवाळी, लग्नसराई यांनी ही मुदत थांबत नाही. बोलणी जरूर करा. पण बोलणी चालू असतानाच अर्ज दाखल करून ठेवा. मिटलं तर मागे घेता येतो.

अर्जात काय लिहायचं ते सरळ आहे. तुमचं आणि समोरच्याचं नाव, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण. जमिनीचं गाव, गट नंबर, चतुःसीमा (चारी बाजूंना काय आहे ते). वाट कुठून कुठे जाते, किती वर्षांपासून कोण कोण वापरतं. अडथळा नेमका कुठल्या तारखेला, काय करून केला. तुम्हाला काय हवं आहे. साक्षीदारांची नावं आणि जोडलेल्या कागदांची यादी. शेवटी मजकूर खरा असल्याचं सत्यापन आणि सही किंवा अंगठा. वर ठरलेला कोर्ट फी स्टँप लागतो, त्याची रक्कम दिवाणी दाव्याच्या मानाने अगदी किरकोळ असते. मधला परिच्छेद मी लोकांना साधारण असा लिहून देते:

‘गट नंबर अमुक मधील माझ्या शेतात जाण्या-येण्याचा गट नंबर तमुकच्या पूर्व बांधावरून असलेला वहिवाटीचा रस्ता सामनेवाले यांनी दिनांक अमुक रोजी चर खोदून व काटेरी झाडे टाकून अडवला आहे. सदर रस्ता मी व माझे पूर्वज बैलगाडी व पायी वापरत आलो आहोत. सदर अडथळा काढून रस्ता पूर्ववत खुला करून मिळावा व पुन्हा अडथळा करू नये अशी ताकीद व्हावी.’

भावकीचा पंचवीस वर्षांचा इतिहास यात लिहायचा नाही. तहसीलदाराला तीन प्रश्नांची उत्तरं हवी असतात: वाट होती का, अडवली का, सहा महिने झाले का.

यानंतर समोरच्याला नोटीस जाते, जबाब होतात, आणि स्थळपाहणी ठेवतात. स्थळपाहणीचा दिवस हा खरा सुनावणीचा दिवस समजा. मंडळ अधिकारी किंवा तहसीलदार येतील तेव्हा तुम्ही हजर असलं पाहिजे, वाट वापरणारे दोन-चार शेजारी सोबत असले पाहिजेत, आणि पंचनामा वाचून, समजून मगच सही केली पाहिजे. गाडीची चाकोरी, जुना दगडी बांध, वाटेकडेची झाडं ही खूण म्हणून दाखवा आणि पंचनाम्यात लिहून घ्या. लिहिलं नाही, तर आदेशात येत नाही.

निकाल विरुद्ध गेला, तर त्यावर अपील नसतं, पण फेरतपासणीसाठी वरच्या महसूल अधिकाऱ्याकडे जाता येतं. दिवाणी न्यायालयाचं दारही उघडं राहतं.

वाट मुळात कधी नव्हतीच, किंवा सहा महिने उलटून गेले, तर? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३. याखाली दुसऱ्याच्या गटाच्या हद्दीवरून, म्हणजे बांधाबांधाने, शेतात जायचा हक्क तहसीलदाराकडे मागता येतो. शेत कसायला ही वाट खरोखर गरजेची आहे का आणि दुसरी वाट आहे का, हे इथे पाहिलं जातं. म्हणून गट नकाशावर सगळ्या शक्य वाटा दाखवून, ही का हवी ते लिहा. या निर्णयाने नाराज असलेल्याला एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. काकूंना आम्ही याच वाटेने नेलं. लांबची वाट आहे, पण बंद नाही.

फेरफाराचंही इथेच सांगते, कारण त्यातही तारीखच घात करते. नोंद धरल्यावर तलाठी हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. हरकत लेखी घ्या आणि पोच घ्या. नोंद मंजूर होऊन गेली असेल, तर साठ दिवसांत प्रांताकडे अपील करता येतं. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो आणि उशिराचं खरं कारण सांगावं लागतं.

वकिलाचे पैसे नाहीत: फुकट वकील कसा मिळतो

हा भाग नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत.

राज्यघटनेत १९७६ साली कलम ३९ अ आलं. पैशाअभावी कुणाला न्याय नाकारला जाऊ नये, ही जबाबदारी त्याने शासनावर टाकली. त्यावरून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. तुमच्या तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. म्हणजे ही काही कुणाची मेहरबानी नाही, न्यायाधीशांच्याच देखरेखीखालचं कार्यालय आहे.

फुकट वकील कुणाला? स्त्री असेल तर उत्पन्न विचारत नाहीत. मूल असेल, अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती असेल, दिव्यांग असेल, कारखान्यातला कामगार असेल, कोठडीत किंवा तुरुंगात असेल, पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार यांत सापडलेला असेल, मानवी तस्करीत किंवा वेठबिगारीत अडकलेला असेल, तरीही उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे.

शेतकरी बाई येतात आणि म्हणतात, ‘आमच्या नावावर जमीन आहे, आम्हाला कुठलं फुकट?’ नाही, काकू. तुम्ही स्त्री आहात एवढं पुरे.

यात फक्त वकिलाची फी येत नाही. कोर्ट फी, नोटिसा पाठवण्याचा खर्च, अर्ज-दावा लिहिण्याचा खर्च, कागदांच्या नकलांचा खर्च हेही येतं. आधार कार्डाची प्रत, पात्रतेचा दाखला (जातीचा, दिव्यांगत्वाचा किंवा उत्पन्नाचा, जो लागू असेल तो) आणि भांडणाचे कागद घेऊन जा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, लिहून घेतात. तुमच्या प्रकरणात प्रथमदर्शनी काही तथ्य आहे का, एवढं पाहतात. नकार दिला, तर अध्यक्षांकडे दाद मागता येते. जाणं शक्यच नसेल, तर १५१०० या क्रमांकावर फोन करा. सल्ला तिथूनही मिळतो.

‘फुकटचा वकील लक्ष देत नाही’ असं गावात सर्रास बोललं जातं. काही जणांना असा अनुभव आलाही आहे, मी तो नाकारत नाही. पण फी देऊन नेमलेल्या वकिलालाही कागद तुम्हालाच द्यावे लागतात, तारीख तुम्हालाच लक्षात ठेवावी लागते. नेमणुकीचं पत्र मिळालं की त्याच आठवड्यात वकिलांना भेटा, घटनाक्रम एका पानावर लिहून द्या. नेमलेल्या वकिलाने पैसे मागितले, तर देऊ नका. समितीकडे लेखी तक्रार करा. दोन-तीन तारखांना ते आलेच नाहीत, तर वकील बदलून मागा. तो तुमचा हक्क आहे.

समितीत न जाताही महिलांना पोटगी, घटस्फोट आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे. टेबलावरच्या कुणी स्टँप मागितला, तर ही माफी सांगा.

मिटवायचं असेल तर कागदावर मिटवा

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली आणि गावोगावी तंटामुक्ती समित्या उभ्या राहिल्या. चांगली समिती असली, तर शेळी पिकात शिरली, सांडपाणी दारात आलं, उसनवारीचे पैसे बुडले, असली भांडणं तिथे एका संध्याकाळी मिटतात. पण समितीला न्यायालयाचे अधिकार नाहीत. तिथे ठरलेलं लिहून घ्या, दोन्ही बाजूंच्या आणि साक्षीदारांच्या सह्या घ्या.

पक्कं मिटवायचं असेल, तर लोकअदालत. चालू दावा तिथे नेता येतो आणि कोर्टात न गेलेलं भांडणही दाखलपूर्व प्रकरण म्हणून नेता येतं. तिथे फी नाही. चालू दाव्यात आधी भरलेली कोर्ट फीदेखील परत मिळते. तिथल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि तिच्यावर अपील नसतं. हीच तिची ताकद आणि हाच धोका. सही करण्याआधी मजकूर मोठ्याने वाचून घ्या. ‘रस्ता देईन’ एवढं पुरत नाही. किती फूट, कुठल्या बांधावरून, कुठल्या तारखेपर्यंत, अडथळा कोण आणि कुणाच्या खर्चाने काढणार, हे सगळं त्यात हवं. पटलं नाही, तर सही नाकारा. दावा पुन्हा आपल्या कोर्टात चालू राहतो.

वीज, टपाल, दवाखाना, विमा अशा सेवांबद्दल तक्रार असेल, तर कायम लोकअदालत वेगळी आहे. तिथे तडजोड झाली नाही, तरी ती गुणदोषावर निकाल देऊ शकते.

एक गोष्ट मी ठामपणे सांगते. नवऱ्याची मारहाण, मुलीवरचा अत्याचार, जातीवरून अपमान ही भांडणं बैठकीत मिटवायची नसतात. तिथे ‘मिटवणं’ म्हणजे दुबळ्याने गप्प बसणं असतं. घरगुती हिंसाचारासाठी २००५ चा कायदा आहे आणि संरक्षण अधिकारी आहेत. त्यांच्याकडे सांगितलं की ते अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. आणि जात पंचायत हे न्यायालय नाही. तिने दंड ठोठावला, वाळीत टाकलं, देवळात किंवा पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, तर महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

ग्राम न्यायालय तुमच्याकडे आहे का, ते विचारा

२००८ चा ग्राम न्यायालय कायदा २ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाला. कल्पना अशी की प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या दर्जाचा न्यायाधिकारी गावांत फिरून, तिथेच बसून न्याय देईल. दिवाणी दाव्याची फी शंभर रुपयांच्या वर नाही, मग दावा कितीचाही असो. कुरण, पाट, विहिरीचं पाणी, किमान वेतन आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे त्याच्यापुढे चालतात. आधी समेट करून पाहायचा, दिवाणी दावा सहा महिन्यांत निकाली काढायचा, अपील तीस दिवसांत.

इतका चांगला कायदा असून तो बहुतेक तालुक्यांत पोचलेला नाही. कायद्यात राज्यांना ग्राम न्यायालय स्थापन ‘करता येईल’ असं आहे, ‘करावं लागेल’ असं नाही; त्यातच बरंचसं अडलं. मला याचं वाईट वाटतं. तुमच्या तालुक्यात आहे का, हे तालुका न्यायालयाच्या कार्यालयात विचारा. असेल तर वापरा, आणि नसेल तर ग्रामसभेत ठराव करून मागणी करा.

पोलिसांकडे जावं लागलं तर

दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा असेल, तर प्रथम खबर (एफआयआर) नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झाली असेल, तरी ती शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवली जाते. प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नोंदवली नाही, तर तीच माहिती लेखी पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. गुन्हा अदखलपात्र म्हणून नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेतली असेल, तर न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास होत नाही, हे ध्यानात ठेवा. नुसती एनसी घेऊन घरी बसू नका. अटक झाली, तर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, आणि तिथे ‘मला सरकारी खर्चाने वकील हवा’ एवढं एक वाक्य बोललं की वकील मिळतो.

तारखेच्या दिवशी

प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असतो. तो पहिल्याच दिवशी वहीच्या मागे लिहून ठेवा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख, आजचा आदेश सगळं दिसतं. एसटी चुकली म्हणून गैरहजर राहिलात, तर दावा काढून टाकला जाऊ शकतो किंवा एकतर्फी हुकूम होऊ शकतो. अशा वेळी सकाळीच वकिलांना फोन करून मुदतीचा अर्ज द्यायला सांगा. तालुका न्यायालयाची भाषा मराठी आहे. न्यायाधीशांनी विचारलं, तर आपल्या बोलीत, सावकाश, विचारलं तेवढंच सांगा. समजलं नाही, तर ‘साहेब, समजलं नाही’ म्हणा. कुणी रागावत नाही.

काकू पुढच्या मंगळवारी स्थळपाहणीला उभ्या राहणार आहेत. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन्ही गटांचे सातबारे, नकाशा, पोच घेतलेला अर्ज आणि जुन्या वाटेचे फोटो ठेवलेत. वाट वापरणाऱ्या तीन शेजाऱ्यांना त्यांनी आदल्या रात्री पुन्हा निरोप द्यायचा आहे, आणि पंचनाम्यावर सही करण्याआधी तो कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यायचा आहे.